अकरावं कार्ड

बाळांनो,

हे पत्र तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. मध्येच थांबून ती "पुढचं उद्या" म्हणाली, तर ऐकू नका. यात तिच्याबद्दलही आहे, म्हणून ती थांबेल.

आत्ताच लिहायला बसले त्याला कारण धाकटा. परवा फोनच्या कॅमेऱ्यासमोर त्याने बेसबॉलच्या एका खेळाडूचं कार्ड धरलं आणि मला समजावून सांगितलं, की हा खेळाडू आता म्हातारा झालाय, खेळत नाही. असंच दुसरं कार्ड त्याला पोस्टाने पाठवलंय, सोबत आपलाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट घातलंय, म्हणजे तो सही करून परत पाठवेल. वर विचारलं, "आजी, ऑटोग्राफ म्हणजे काय, माहितीये तुला?" मी म्हटलं, माहीत आहे. मग चेहरा पाडून म्हणाला, "दोन महिने झाले. अजून आलं नाही. हरवलं असेल का?" आणि तेवढ्यात इथली वीज गेली.

हरवलं नसेल, बाळा. का म्हणते ते सांगते.

माझं माहेर नांदेडचं. मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका दुकानात गोळ्यांचे पुडे मिळत, आणि प्रत्येक पुड्यात क्रिकेटच्या खेळाडूचं एक चित्र निघे. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, जाड कागदाचं कार्ड. पुढे रंगवलेला चेहरा, मागे इंग्रजीत चार ओळी. गोळ्या वाईट होत्या, तोंडाला साबणाची चव यायची. पण माझा भाऊ, म्हणजे तुमचे मामाआजोबा, आणि मी मिळून त्या वर्षीच्या आपल्या संघाचे अकराच्या अकरा खेळाडू जमवले. लेफ्ट आर्म, राइट हँड हे माझे इंग्रजीतले पहिले शब्द. शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. मी ते तिसरीतच त्या कार्डांच्या पाठीवर शिकले. पुढे हैदराबादला जाऊन इंग्रजीत बी.ए. केलं, लातूरला दिलं, शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, त्या सगळ्याची सुरुवात साबणाच्या चवीची आहे.

लग्नाच्या वेळी भावाने कार्डांचा पत्र्याचा डबा गुपचूप माझ्या ट्रंकेत घातला. माझं सामान लावताना सासूबाईंनी तो उघडला आणि म्हणाल्या, "हे कोण बाप्ये गं एवढे?" मी लाजून सांगितलं, क्रिकेटवाले. "बरं बरं," म्हणाल्या, "अकराच हायेत ना? ऱ्हाऊ दे."

मग तीसेक वर्षं डबा बंद होता.

तो उघडला लातूरच्या क्लासेसमुळे. तुमची आई अकरावीत गेली, तोवर लातूरला बाहेरगावच्या मुलामुलींची रीघ लागली होती. डॉक्टर व्हायचं, इंजिनियर व्हायचं, तर लातूर. ज्याच्या घरात एक खोली रिकामी, त्याच्याकडे चार पोरं. आम्हीही माडीवरच्या दोन खोल्या चार मुलींना दिल्या, आणि घराला कुलूप लागलं. म्हणजे दाराला नाही, आवाजाला. संध्याकाळी सहा ते दहा टीव्हीवर चादर. रेडिओ बंद. तुमचे आजोबा डाळ मिलमधून आले की चप्पल हातात घेऊन जिना चढायचे. ते म्हणत, "मिलच्या खडखडाटात दिवस काढला, आता हा दवाखाना!" सासूबाई तर देवाची घंटाही ओल्या फडक्यात गुंडाळून वाजवत. त्या शांततेत मी काय करणार? वह्या तपासून झाल्या की हात रिकामे. एका संध्याकाळी ट्रंक उपसली, डबा काढला आणि अकरा चेहरे टेबलावर मांडले.

हे सगळे आता सत्तरीला आले असतील, असं मनात आलं. हे कुठेतरी राहतात! यांना पत्ता असेल! माझ्या नववीच्या वर्गाला मी पत्रलेखन शिकवायचे, औपचारिक आणि अनौपचारिक. स्वतः मात्र कधी अनोळखी माणसाला पत्र लिहिलं नव्हतं.

मी वही आखली. क्रमांक, नाव, पत्ता, पाठवल्याचा दिवस, आल्याचा दिवस, शेरा. पत्ते मिळवायला क्रिकेट मंडळांना, त्यांच्या जुन्या कॉलेजांना लिहिलं. प्रत्येक खेळाडूला एक पानाचं इंग्रजी पत्र, सोबत त्याचं कार्ड, आणि माझा पत्ता लिहिलेलं परतीचं पाकीट. पाकिटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने क्रमांक. तो माझ्या सासूबाईंसाठी. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, आणि दिवसभर घरी त्याच असत. चार मुलींची पत्रं, आजोबांच्या मिलची, माझी, सगळी त्यांच्याच हातात पडत. त्यांना सांगितलं, कोपऱ्यात लाल आकडा दिसला की ते माझं, ते घड्याळामागे ठेवायचं. त्यांनी ते नीट पाळलं. पुढचं सगळं त्यांनी नीट पाळल्यामुळेच झालं.

तुमच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी टोमणा मारला. "तुरीच्या गोणीला नंबर टाकतात तसं माणसांना टाकलेस की!" मग कार्ड पाहिलं आणि गंभीर झाले. "ही एकुलती एक आहेत. हरवली तर?"

"फोटोवर सही घेऊन काय करू? सही याच कार्डावर पाहिजे."

"मग हरवलं म्हणून रडू नको."

पहिलं पाकीट टाकायला निघाले तर सासूबाईंनी दारात अडवलं. चांगल्या कामाचं पत्र असं कोरडं पाठवायचं नाही, म्हणाल्या, आणि बोटाने कोपऱ्याला हळद-कुंकू लावलं. लग्नपत्रिकेला लावतात तसं. मी नको नको म्हणत होते, पण एकीकडे बरंही वाटत होतं.

सव्वीस दिवसांनी आमचे टपालवाले चाचा फाटकातूनच ओरडले, "बाई! लाल आकडा आलाय! एक नंबर!" चाचा वीस वर्षं आमच्या भागात टपाल वाटत होते आणि क्रिकेटचे माझ्याहून वेडे. मी पाकीट तिथेच फाटकाशी उघडलं. आत माझं कार्ड, आणि त्या रंगवलेल्या शर्टावर निळ्या शाईत तिरपी सही. मी पन्नाशीची मास्तरीण, आणि रस्त्यात उभी राहून हसत होते. सोबत दोन ओळी: चित्राबद्दल आभार, आणि पाकिटावर तांबडा डाग होता तो रक्ताचा तर नाही ना, आपण ठीक आहात ना?

सासूबाईंना वाचून दाखवलं. "मर मेल्या," म्हणाल्या, "कुंकू ठावं न्हाई?" आणि दुसऱ्या पाकिटाला दुप्पट लावलं.

चाचा प्रत्येक उत्तराला विकेट म्हणायचे. "आज दुसरी पडली, बाई!" "तिसरी! क्लीन बोल्ड!" चौथी आणि पाचवी एकाच दिवशी पडली, त्याची तर गंमतच. गोळ्यांवाल्याने दोन खेळाडूंचे चेहरे अदलाबदल छापले होते, आणि चाळीस वर्षं मला ते माहीत नव्हतं. चौथ्याने लिहिलं, "नाव माझं आहे, नाक माझ्या मित्राचं. मी नावावर सही केली आहे. कार्ड त्याच्याकडे पाठवतो, त्याने नाकावर करावी." आणि त्याने केली! माझ्या दोन्ही कार्डांवर दोन-दोन सह्या आहेत. सहाव्याने गुडघेदुखीबद्दल दोन पानं लिहिली आणि लातूरला चांगला वैद्य आहे का विचारलं. सातव्याने काहीच लिहिलं नाही, नुसती सही, पण इतकी सुंदर की मी ती फळ्यावर काढून मुलींना वळण कसं असतं ते दाखवलं.

वर्षभरात दहा झाले. माडीवरच्या मुलीही खाली डोकावून विचारायच्या, "काकू, आज कोण आऊट?" त्यांतली एक निलंग्याकडची होती. बारीक, अबोल, शेतकऱ्याच्या घरची. घरातली दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. तुमच्या आईच्याच वर्गात. दोघी एका कंदिलाखाली, म्हणजे वीज गेली की कंदिलाखाली, अभ्यास करायच्या. सासूबाईंचा तिच्यावर फार जीव. तिचा आजा तिला भेटायला एसटीने यायचा, येताना शेंगांचं गाठोडं आणायचा, आणि सासूबाई आणि तो ओट्यावर बसून पावसापाण्याचं बोलत.

राहिला अकरावा. तो अकराव्या नंबरलाच फलंदाजीला यायचा. डावखुरा फिरकी गोलंदाज, तीन-चार सामने खेळून दिसेनासा झालेला. क्रिकेट मंडळाकडे त्याचा पत्ता नव्हता. शेवटी संघाच्या कप्तानालाच, जो आमचा नंबर एक, पुन्हा लिहिलं. त्याने पत्ता पाठवला आणि खाली लिहिलं: "लिहायचं असेल तर आत्ता लिहा. त्याला अर्धांगाचा झटका आला आहे. डावा हात गेला. तो सगळं डाव्या हाताने करायचा. उत्तर येईल असं धरून चालू नका."

मी दोन दिवस विचार केला. एकुलतं एक कार्ड, सही न करू शकणारा माणूस. आजोबा म्हणाले, "दहा झाले ना? पुरे की." पण अकरातला एक नसेल तर तो संघ कसला? आणि त्याला पत्र न पाठवणं म्हणजे त्यालाच पुन्हा संघातून वगळणं, असं काहीतरी मला वाटलं. मी पाठवलं. सासूबाईंनी कुंकू लावलं. ते गणपतीचे दिवस होते.

गणपती बसले, बोळवले, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला.

त्याबद्दल मी तुम्हाला फार लिहिणार नाही. लातूर शहरात आमच्या भिंतीला भेग गेली, एवढंच. औसा-निलंग्याच्या बाजूला दगडमातीची गावंच्या गावं झोपेत खाली आली. निलंग्याकडच्या त्या मुलीचं घर पडलं. माणसं वाचली, पण आज्याच्या पायावर धोंडा आला. ते पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागले. आमची शाळा बंद होती, वर्गांत देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग. मी ते लावत होते: पुरुषांचे, बायकांचे, मुलांचे. मला तेवढंच करता येत होतं. कार्ड माझ्या डोक्यातूनही गेलं होतं.

त्या दिवसांत चाचा फाटकातून ओरडत नसत. पत्र हातात ठेवायचे आणि खाली मान घालून जायचे. आमच्याकडे मरणाची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असतो. अक्षर न येणाऱ्यालाही दुरूनच कळावं म्हणून. असं कार्ड घरात न्यायचं नाही. बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं. त्या महिन्यांत आमच्या गल्लीत कोपरा फाटलेली फार कार्डं आली.

दिवाळीनंतर शाळा, क्लासेस सुरू झाले. निलंग्याची मुलगी परत आली, पहिल्यापेक्षा अबोल. आज्याचा पाय बरा होत नव्हता. "परीक्षा झाल्याबिगर यायचं न्हाई," त्याने तिला बजावून पाठवलं होतं. ती आणि तुमची आई पुस्तकात शिरल्या, घर पुन्हा मुकं झालं. हळूहळू मी घड्याळामागे पाहू लागले. अकराव्याचं काही नव्हतं.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते तेव्हा चाचांनी मुलीच्या लग्नासाठी रजा घेतली आणि टपाल वाटायला दुसराच माणूस आला. त्याच आठवड्यात एके दिवशी मी शाळेतून आले, तर सासूबाईंनी भर दुपारी डोक्यावरून पाणी घेतलेलं. केस ओले. विचारलं तर म्हणाल्या, "ऊन लागलं." तेव्हा अजून थंडी होती. मी तेवढ्यावर सोडलं.

परीक्षा सुरू झाली, आणि दुसऱ्याच पेपरच्या दिवशी कप्तानाचं पोस्टकार्ड आलं. आजही मला ते पाठ आहे: "कार्ड पाठवून त्याला महिना होत आला. तुमची पोच नाही. ती एक सही यावी म्हणून त्याने चार महिने उजव्या हाताने सराव केला. पेपरात तुमच्या गावाची छायाचित्रं पाहिल्यापासून तो विचारतो, त्या बाईंचं घर उभं आहे का? मी त्याला काय सांगू?"

सही झाली होती! कार्ड निघालं होतं! आणि हरवलं होतं. वर तो म्हातारा माणूस समजत होता, की आम्ही ढिगाऱ्याखाली गेलो. घर उभं आहे हे लगेच कळवायला हवं होतं. पण मग कार्ड पोचलं नाही हेही लिहावं लागलं असतं. चार महिने सराव केलेल्या माणसाला ते कसं लिहू? मी स्वतःला परीक्षा संपेपर्यंतची मुदत दिली. तोवर शोधायचं. नाही मिळालं तर खरं लिहायचं.

शोधाशोध म्हणजे किती! चाचा रजेवरून आले होते. ते तापलेच. "मी आठ दिवस न्हवतो तर इकेट गायब?" त्यांनी टपाल कचेरीतले सगळे कप्पे उपसले. बदलीच्या माणसाला धरलं. संध्याकाळी येऊन म्हणाले, "बाई, तो म्हणतो, त्या घरात रोज दहा कागद देतो. कोणता कुठला ध्यानात ठेवू? पण दिला म्हणतो, हरवला न्हाई." घरी आम्ही घड्याळ उतरवलं, कपाटं सरकवली. आजोबांनी मिलमधल्या फायली चाळल्या. सासूबाई तर माझ्याहून जास्त शोधत होत्या. ज्वारीच्या पोत्यामागे हात घालून पाहिलं, फडताळातले कागद काढले. "लाल आकडा," त्या पुटपुटत होत्या, "लाल आकडा मी कदी सोडला न्हाई."

शेवटचा पेपर जीवशास्त्राचा. दोन्ही मुली दुपारी दोनला आल्या, पाय धुतले. तुमच्या आईने दप्तर फेकलं आणि टीव्हीवरची चादर ओढून काढली. सासूबाई म्हणाल्या, "थांब. टीवी नगं." त्यांचा आवाज ऐकून आम्ही सगळे थांबलो. त्यांनी निलंग्याच्या मुलीला मागच्या अंगणात नेलं, पायरीवर बसवलं, हातात गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या दिला. मलाही बोलावलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मन घट्ट कर. मी तुझ्यासंगं वंगाळ वागले. पर काय करू? गेलेला तर गेला, पेपर गेला तर पोरगीबी गेली असती."

मुलीच्या हातातला गूळ तसाच राहिला.

न्हाणीच्या बाहेर भिंतीत एक कोनाडा होता. त्यात उलटं ठेवलेलं गाडगं होतं. सासूबाईंनी ते उचललं आणि खालून एक पाकीट काढलं. डावा कोपरा चांगला बोटभर फाटलेला. घरात आणायचं नाही म्हणून बाहेर ठेवलेलं, आणि फाडायचं असतं ते तिच्यासाठी न फाडता राखलेलं.

"म्हैना झाला. कुणाला वाचाय दिलं असतं तर तुझ्या कानावर आलं असतं. तुझ्या आज्याचं असंल," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

मुलीने हात पुढे केला नाही. मी केला. आणि पाहते तर पत्ता इंग्रजीत, माझ्या अक्षरात! माझं परतीचं पाकीट! लाल आकडा फाटक्या कोपऱ्याबरोबर गेलेला!

"आत्याबाई!" मी सासूबाईंकडे वळून किंचाळले. "हे माझं आहे! हा अकरावा आहे!"

"काय?"

"मरणाचं नाही हो! क्रिकेटचं आहे!"

मुलीने माझा दंड धरला. "काकू, खरं सांगा. माझा आज्जा जित्ता हाय ना?"

"अगं जिवंत आहे! हे बघ, माझं नाव आहे. वाच!"

ती वाचू शकत होती, इंग्रजीत पहिली यायची. पण तिने तीनदा वाचलं. मग ती एकदम हसायला लागली, रडायलाही लागली, आणि सासूबाईंच्या गळ्यात पडली. "आजी, तुम्ही माझ्या आज्ज्याला म्हैनाभर मारून ठिवलं की वो!" सासूबाई तिला थोपटत होत्या आणि ओरडत होत्या माझ्यावर, "तुझ्या क्रिकेटवाल्याला अक्कल न्हाई का? कोपरा कशाला फाडतो मुडद्या!"

तुमच्या आईने तोवर आत जाऊन घंटेचं ओलं फडकं काढलं होतं आणि ती घणाघणा वाजवत होती. दीड वर्षाने आमच्या घरात आवाज झाला.

पाकीट मी उघडलं ते सगळ्यांना जवळ बसवून. आत त्याच्या मुलीने लिहिलेलं पत्र होतं. शेवटी तिने खुलासा केला होता: वडिलांनी स्वतःच्या हाताने पाकीट चिकटवायचा हट्ट धरला, चिकटवलं, आणि मग पाहतो तर कार्ड टेबलावरच राहिलेलं. तिकिटाची बाजू बिघडू नये म्हणून दुसऱ्या बाजूचा कोपरा फाडून तिथून कार्ड आत सरकवलं, क्षमा असावी. कार्ड तळाशी अडकलं होतं. मी ते चिमटीने ओढून काढलं. गोळ्यांच्या पुड्यातला तोच डावखुरा, चेंडू टाकायला हात वर केलेला. आणि त्याच्या पायाशी पेन्सिलीने आधी, मग त्यावरून शाईने गिरवलेली सही. पहिलीतल्या मुलाची असावी तशी: अक्षरं वेगवेगळ्या उंचीची, शेवटचं अक्षर कडेला जेमतेम मावलेलं. माझ्या वहीत सातव्याच्या सहीपुढे मी 'सुंदर' असा शेरा लिहिला होता. या सहीपुढचा रकाना मी रिकामा ठेवला.

पत्राखाली त्याने मुलीकडून एक ओळ घालून घेतली होती. घर उभं असेल तर कळवा.

तुमचे आजोबा त्याच वेळी जेवायला आले. त्यांनी जेवायचं सोडलं, स्कूटर वळवली आणि मला मागे बसवून तार कचेरीत नेलं. गंजगोलाईच्या गोल बाजाराला वळसा घालताना ते हॉर्न वाजवत होते, समोर कोणी नसताना. तारेत मी लिहिलं: घर उभं आहे, सगळे सुखरूप, कार्ड मिळालं. मग आणखी दोन शब्द घातले: संघ पूर्ण. परत येताना चाचा रस्त्यात भेटले. चालत्या स्कूटरवरूनच मी ओरडले, "चाचा, अकरावी पडली!" त्यांनी सायकल तिथेच स्टँडला लावली आणि दोन्ही हात वर केले. "ऑल आऊट! ऑल आऊट!" क्रिकेटमध्ये दहावी पडली की म्हणतात, त्यांनी ते अकराव्यासाठी राखून ठेवलं होतं. दाल मार्केटचे हमाल वळून बघायला लागले.

निलंग्याची मुलगी दुसऱ्या सकाळच्या एसटीने गावी गेली. चार दिवसांनी तिचं कार्ड आलं. आजा काठी घेऊन शेडच्या दारापर्यंत चालतो, आजींनी महिनाभर मारलं हे ऐकून हसून हसून त्याला ठसका लागला, आणि म्हणतो, आता माझं आयुष्य वाढलं. कार्डाच्या चारही कोपऱ्यांना तिने हळद-कुंकू लावलं होतं. सासूबाईंनी ते लाल आकड्याइतक्याच मानाने घड्याळामागे ठेवलं.

महिन्याने अकराव्याचं पोस्टकार्ड आलं. ते त्याने स्वतः लिहिलं होतं, उजव्या हाताने. तीनच शब्द होते, 'संघ पूर्ण. आभार.', आणि त्यांतलं शेवटचं अक्षर कडेला मावलं होतं.

तेव्हा धाकट्या, दोन महिने म्हणजे काहीच नाही. पेटीत रोज बघ, आणि घरात कोणाच्या हातात टपाल पडतं तेही एकदा विचार.

आता काय उरलं आहे ते लिहून ठेवते. सासूबाई, आजोबा, चाचा आणि ते अकराही जण गेले. वहीला वाळवी लागली, ती टाकून द्यावी लागली. पत्र्याचा डबा माझ्या कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे. त्यात अकरा कार्डं आहेत, अकराही सह्यांची, आणि कोपरा फाटलेलं एक पाकीट.